बेटावरचा एक दिवस



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राजे आणि त्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. माणूस आपला रिकामा वेळ कसा घालवीत आला, यालाही काही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजचा माझा विषय असाच, वरवर पाहता हलकाफुलका आहे. जहाजातून दर्यावर हिंडावे, एखाद्या बेटाशी जहाजाने नांगर टाकला की सकाळी खाली उतरावे, माडांच्या किंवा वडाच्या सावलीत पाय पसरून बसावे, चार गोष्टी पाहाव्यात, दोन घास खावेत आणि दिवेलागणीला पुन्हा जहाजावर चढावे. या बेटावरच्या दिवसाची ही कथा आहे. आज जगातल्या दूरदूरच्या उष्ण प्रदेशांतील बेटांवर हा दिवस विकत मिळतो. तो कोठून आला, त्याने कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय नेले, याचा हिशेब मांडावा, एवढाच आजचा हेतू.

हा विषय उरणात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, उरणइतके या विषयाला साजेसे ठिकाण दुसरे नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहून उत्तरेला नजर टाकली की समोर घारापुरीचे दोन डोंगर दिसतात. त्या बेटावर परदेशी पाहुणे केवळ पाहण्याच्या हौसेने उतरू लागले त्याला आता जवळजवळ पाचशे वर्षे होत आली. आणि दुसरे कारण त्याहून जवळचे आहे. आपण उरणकर स्वतःच मूळचे बेटकरी आहोत. जुन्या कागदपत्रांत आणि नकाशांत ज्याला करंजा बेट म्हटले आहे, ते हेच. उत्तरेचा लहान डोंगर, दक्षिणेचा द्रोणागिरी, मधल्या सखल पट्टीत गाव, आणि भोवती खाड्या व मिठागरे. लांबी सुमारे 8 मैल, रुंदी सुमारे 4 मैल, असे जुन्या ग्याझेटियरात त्याचे वर्णन आहे. तेव्हा बेटावर उतरणारा पाहुणा आणि बेटावर राहणारा माणूस, या दोघांची गोष्ट सांगायची तर ती दुसऱ्याच्या बाजूनेही सांगता येईल अशी जागा हीच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. जुन्या काळी दर्यावर्दी माणूस बेटावर मौजेसाठी उतरत नसे. तो उतरे तो गोड्या पाण्यासाठी, जळाऊ लाकडासाठी आणि ताज्या फळभाजीसाठी. लांबच्या सफरीत महिनोन्‌महिने खारवलेले मांस आणि वाळकी बिस्किटे खाऊन खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. स्कर्व्ही नावाच्या या रोगाने लढायांपेक्षा अधिक खलाशी मारले. 1521 साली मॅगेलनची जहाजे पॅसिफिक ओलांडून ग्वाम बेटाला लागली, तेव्हा त्यांवरील माणसे भुकेने आणि या रोगाने अर्धमेली झाली होती. त्यांना तेथील माडांच्या सावलीचे कौतुक नव्हते, नारळाच्या पाण्याचे होते.

विसाव्याची कल्पना यानंतरची, आणि तिचा पहिला अनुभव बेटकऱ्यांना फारसा सुखाचा झाला नाही. 1767 मध्ये ‘डॉल्फिन’ हे इंग्रज जहाज ताहितीला लागले. त्या बेटावर लोखंड नव्हते. एका खिळ्याच्या बदल्यात तेथे काय वाटेल ते मिळते असे दिसताच खलाशांनी जहाजाच्या फळ्यांतले खिळे उपसून काढण्यास प्रारंभ केला, आणि जहाजच खिळखिळे होते की काय अशी कप्तानाला धास्ती पडली. दोन वर्षांनी, 1769 च्या एप्रिलमध्ये, शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी कॅप्टन कुक त्याच बेटावर उतरला आणि तीन महिने राहिला. या भेटींच्या वर्णनांनी युरोपात उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग, असा एक समज रूढ झाला. त्याच भेटींतून ताहितीच्या लोकांत मात्र नवे रोग शिरले आणि पुढच्या काही पिढ्यांत तेथील लोकसंख्या भराभर खालावली. स्वर्गाचे वर्णन पाहुण्यांनी लिहिले. तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. बेटावरच्या दिवसाच्या इतिहासात ही गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्या बंदरात येऊ. घारापुरीचे मोठे लेणे साधारणतः सहाव्या शतकाच्या मध्याला खोदले गेले असे विद्वान मानतात. ते कोणी खोदविले याविषयी मतभेद आहेत. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडल्यामुळे आज बहुतेकांचा कल त्या घराण्याकडे आहे. इसवी सन 634 च्या ऐहोळे येथील शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नावांनिशी पश्चिम समुद्राची लक्ष्मी जी पुरी तिला वेढा घातल्याचे वर्णन आहे. ती पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही अभ्यासक म्हणतात, तर काही राजपुरीकडे बोट दाखवितात. बेटाच्या पूर्वेकडील डोंगरावर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे शैव लेण्याच्या आधीपासून तेथे वस्ती व वर्दळ होती. आपल्या उरणच्या बाजूलाही चांजे आणि रानवड येथे शिलाहारांच्या काळचे कोरीव लेख मिळाले आहेत. तात्पर्य हे की, ज्या बेटांना पुढे परदेशी पाहुण्यांनी ‘एकांतातली’ म्हटले, ती एका काळी राजमार्गावर होती. फक्त तो राजमार्ग पाण्याचा होता.

1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि भोवतालची बेटे पोर्तुगीजांकडे आली. त्यांच्या नावा घारापुरीच्या दक्षिणेकडील राजबंदराशी लागत. तेथे किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक भला मोठा हत्ती उभा होता. उतरणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावर पडे. त्यावरून त्यांनी बेटालाच हत्तीचे नाव दिले आणि ‘एलिफंटा’ हा शब्द जगाच्या नकाशावर चढला. लक्षात घ्या, नाव पडले ते बेटात काय आहे त्यावरून नव्हे, उतरल्याबरोबर काय दिसले त्यावरून. वरच्या लेण्यात सहा मीटरांच्या जवळ उंच असा सदाशिव बसला होता, पण नाव मिळाले ते धक्क्यावरच्या हत्तीचे. एका दिवसाचा पाहुणा गावाला नाव देऊ लागला म्हणजे असेच व्हायचे.

तथापि त्या पहिल्या पाहुण्यांत जाणतेही होते. गोव्यात वैद्यकी करणारा आणि पुढे मुंबई बेट खंडाने घेणारा गार्सिया द ओर्ता याने 1534 च्या सुमारास हे लेणे पाहिले. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात, विषय सोडून थोडे बाजूला जाऊन, तो या लेण्याविषयी सांगतो. आपण प्रथम पाहिले तेव्हा ते फार सुंदर होते आणि आता गुरे आत शिरून त्याची दैना झाली आहे, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे अवघ्या तीस वर्षांत, एका माणसाच्या हयातीत, झालेली पडझड त्याने नोंदविली. 1538 मध्ये गोव्याहून दीवला जाणाऱ्या आरमाराबरोबर आलेला दों जुआंव द कास्त्रो, जो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा प्रमुख अधिकारी झाला, त्याने लेण्याची मोजमापे घेतली. आणि इतिहासकार दियोगु दु कूतो याने एक चटका लावणारी हकीकत लिहून ठेवली आहे. लेण्याच्या प्रवेशाजवळ एक मोठा कोरीव लेख होता. तो शिलाखंड पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. तेथे तो वाचणारा कोणी भेटला नाही, आणि पुढे तो शिलाखंड कोठे गेला याचा पत्ता लागला नाही.

श्रोतेहो, लेणे कोणी खोदले याचा वाद अजून मिटत नाही, याचे मोठे कारण हे आहे. ज्या दगडावर कदाचित उत्तर कोरलेले होते, तो दगड कोणी वैराने फोडला नाही. तो एका पाहुण्याने कौतुकाने उचलून नेला. नाशाला नेहमीच घण लागतो असे नाही. कधी नुसती हौसही पुरते.

सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे आली आणि घारापुरीचा दिवस हा मुंबईकर साहेबांच्या करमणुकीचा भाग होऊ लागला. 1673 मध्ये मुंबईत आलेला डॉक्टर जॉन फ्रायर बंदरातल्या बेटांचे वर्णन करतो. मित्रमंडळींनी नाव करून, बरोबर खाणेपिणे घेऊन बेटावर जावे, असा प्रघात पुढच्या शतकात चांगलाच रुळला. मराठ्यांनी वसईच्या मोहिमेच्या काळात हा मुलूख घेतला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर चाल केली, त्या सुमारास करंजा आणि घारापुरीही त्यांच्या हाती पडली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. राज्ये बदलली, पण रविवारच्या नावा चालूच राहिल्या.

या सगळ्या पाहुण्यांत मला एका माणसाविषयी विशेष आदर वाटतो. त्याचे नाव कार्स्टेन नीबुर. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी पाठविलेल्या मंडळींतला हा मोजणीदार. सहाजणांची ती तुकडी 1761 मध्ये निघाली. भाषापंडित फॉन हावेन मोखा येथे वारला, वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कोल येमेनच्या डोंगरांत वारला, चित्रकार बाउरेनफाइंट आणि नोकर बेर्गग्रेन हे मुंबईच्या वाटेवर दर्यातच गेले. 1763 च्या सप्टेंबरात नीबुर मुंबईला पोचला तो एका डॉक्टर सोबत्यासह, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो डॉक्टरही मुंबईत वारला. सहांपैकी एकटा उरलेला, स्वतः आजारातून उठलेला हा माणूस 1764 मध्ये घारापुरीला एकदा नव्हे, तीनदा गेला. चित्रकार सोबती नव्हता म्हणून त्याने स्वतःच पेन्सिल हाती धरली. खांब मोजले, मूर्ती रेखाटल्या, नकाशा काढला. पुढे त्याच्या प्रवासग्रंथात ही चित्रे छापली गेली आणि युरोपातील विद्वानांना या लेण्याची पहिली भरवशाची माहिती मिळाली. एकदा पाहून जाणाऱ्याला बेट दिसते. तिसऱ्यांदा जाणाऱ्याला ते थोडे कळू लागते. नीबुरचे तीन दिवस हे बेटावरच्या दिवसाचे उत्तम उदाहरण म्हणून मी तुमच्यापुढे ठेवतो.

ज्या हत्तीने बेटाला परके नाव दिले, त्याचे पुढे काय झाले? 1814 च्या सप्टेंबरात त्याचे डोके आणि मान गळून पडली. पुढे धडही ढासळले. 1864 मध्ये त्याचे तुकडे मुंबईला व्हिक्टोरिया बागेत, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आणून ठेवण्यात आले, आणि 1914 मध्ये ते पुन्हा जुळवून हत्ती उभा करण्यात आला. आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती बेटावरून गेला, नाव मात्र तेथेच राहिले. आणि त्याहून आश्चर्य असे की, कागदोपत्री चारशे-पाचशे वर्षे ‘एलिफंटा’ लिहिले जात असता, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही पाड्यांतल्या माणसांच्या तोंडी ‘घारापुरी’ हे नाव जसेच्या तसे टिकले. शिलालेख हरवला, शब्द हरवला नाही. त्याची राखण कोण्या पंडिताने केली नाही, तेथे घर करून राहिलेल्या कष्टकरी माणसांनी केली.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि बेटावरच्या दिवसाचे रूप पालटले. शिडाच्या नावेला वारा आणि भरती पाहावी लागे. आगबोट घड्याळ पाहून निघू लागली. उत्तरेकडच्या धक्क्यापासून लेण्यापर्यंत दगडी पायऱ्यांची वाट झाली. आज त्या पायऱ्या चढताना पर्यटकाला वाटते की ही सोय आपल्यासाठी केलेली आहे. वस्तुतः करमसी रणमल या लोहाणा व्यापाऱ्याने 1853 च्या सुमारास सुमारे 12,000 रुपये खर्चून ती बांधली, ती शिवाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी. महाशिवरात्रीला त्या लेण्यात यात्रा भरे. म्हणजे एकाच बेटावर दोन प्रकारचे लोक एका दिवसासाठी उतरत होते. एक यात्रेला येई, दुसरा सहलीला. यात्रेकरू चपला काढून आत जाई, उपास करी आणि देवाकडे मागणे मागे. सहलकरी टोपी घालून आत जाई, पोटभर जेवी आणि देवाचे मोजमाप घेई. 1875 च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईला आला, तेव्हा तर खुद्द त्या लेण्यात दिव्यांची रोषणाई करून त्याला मेजवानी देण्यात आली. ज्यांचे ते देवालय होते, त्यांना त्या रात्री काय वाटले असेल याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

सहलकऱ्याला सरसकट नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. विल्यम अर्स्किनने 1813 मध्ये या लेण्यावर सविस्तर निबंध लिहिला. जेम्स बर्जेसने 1871 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे 1934 मध्ये हिरानंद शास्त्री यांनी मार्गदर्शक पुस्तक तयार केले. लेण्याला संरक्षण मिळाले, राखणदार आला, आणि 1987 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव गेले. हे सारे पाहणाऱ्यांच्या कुतूहलातूनच झाले. कुतूहल हे दुधारी असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. 1872-73 मध्ये टॉमस कुक हा इंग्रज व्यावसायिक काही प्रवाशांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि त्या फेरीत हिंदुस्थानातही आला. पण जहाज हेच राहण्याचे घर आणि बंदरे ही नुसती उतरण्याची ठिकाणे, ही आजची पद्धत रुळविली ती आल्बर्ट बालिन या जर्मन गृहस्थाने. हांबुर्गच्या कंपनीचा हा अधिकारी. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी कमी. मोठमोठ्या आगबोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागत. बालिनने विचार केला की, बोट रिकामी उभी ठेवण्यापेक्षा ती उबदार प्रदेशात हिंडवावी. 1891 च्या जानेवारीत ‘औगुस्टा व्हिक्टोरिया’ सुमारे 240 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात निघाली. प्रत्येक बंदरात गाड्या तयार, वाटाडे तयार, जेवण तयार, आणि ठरल्या वेळी परत. या पद्धतीत एक नवी गोष्ट होती. पाहुणा रात्री गावात राहत नव्हता. त्याचे अंथरूण, त्याचे पाणी, त्याचे अन्न आणि त्याचा पैसाही बहुतेक जहाजावरच राहत होता. गावाच्या वाट्याला येत होते ते केवळ त्याचे दिवसाचे काही तास.

याच पद्धतीचे आपल्या देशातील शुद्ध उदाहरण म्हणजे लक्षद्वीप. कोचीहून निघणाऱ्या सरकारी जहाजाच्या एका सफरीत प्रवासी रात्री जहाजावर झोपतात आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांवर उतरतात. दुपारचे जेवण बेटावर, पोहणे, नारळाचे पाणी, आणि संध्याकाळी परत. अलीकडे मुंबईहूनही खासगी क्रूझ जहाजे तिकडे गेली आहेत. लक्षद्वीपची बेटे 36, वस्ती असलेली 10, आणि सगळ्यांची जमीन मिळून केवळ 32 चौरस किलोमीटर. प्रवाळाच्या भुसभुशीत जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या भिंगासारखे पातळ थर करून तरंगते. विहिरींना लागते ते हेच पाणी. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर बिघडते. 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून रोज 1 लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला, तो उगीच नव्हे. अशा ठिकाणी पाहुण्यांनी रात्री जहाजावर राहावे हे बेटाच्या सोयीचेही असते. म्हणून कोणती पद्धत चांगली, हे एका वाक्यात सांगता येत नाही. बेटाची ताकद किती, हे पाहून ते ठरवावे लागते. आणि ते ठरविताना बेटकऱ्याला विचारावे लागते.

घारापुरीकडे या दृष्टीने पाहा. गेटवेहून सुमारे 10 किलोमीटरांवर असलेले हे बेट. समोर मुंबईचे लक्षावधी दिवे रोज रात्री झगमगत, आणि बेटावर मात्र संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले तेवढाच उजेड. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून तेथे कायमची वीज आली ती 2018 च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्य मिळून सत्तर वर्षे झाल्यावर! शेकडो वर्षे जगाचे पाहुणे त्या धक्क्याला लागत होते. पण पाहुणा सूर्यास्तापूर्वी परत जात असल्यामुळे बेटावरचा अंधार त्याला कधी दिसलाच नाही. दिवसाच्या पाहुण्याला रात्रीची अडचण कळत नाही, आणि ज्याला कळते त्याचे म्हणणे प्रवासवर्णनात येत नाही. सुट्टीचा जो दिवस पाहुण्याला विसाव्याचा, तोच बेटकऱ्याला कामाचा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कणसे, कैऱ्या, ताक आणि माळा विकणाऱ्या बाया पाहा. शेवटची लाँच सुटली की त्यांचा दिवस संपतो.

या मौजेची एक किंमत आणखी आहे, आणि ती दर्याकाठच्या माणसाने विसरू नये. 17 जुलै 1947 रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि 600 हून अधिक माणसे बुडाली. पावसाळ्यातला दिवस, खवळलेला दर्या, आणि घराकडे निघालेली, नातलगांना भेटायला निघालेली साधी माणसे. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आणि 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि 15 जण दगावले. सहलीला निघालेली मुलेमाणसे होती ती. या दोन तारखांमध्ये सत्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. दर्याशी सलगी वाढली म्हणून दर्याचा दरारा कमी होत नाही. जीवरक्षक जाकीट, माणसांची मोजदाद, हवामानाची सूचना या गोष्टी सहलीच्या आनंदाआड येतात असे वाटणाऱ्याने या दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात.

शेवटी आपल्या उरणविषयी. आपले बेटपण कधी गेले, हे कोणाला नेमके सांगता येणार नाही, कारण ते एका दिवसात गेले नाही. आधी बांध आले, मिठागरे आली. मोहाच्या दारूच्या भट्ट्यांनी आणि मिठाने एका काळी उरणचे नाव मुंबईच्या बाजारात गाजत ठेवले. मग 1970 नंतर तेल आणि वायूचा प्रकल्प आला. जमिनीच्या प्रश्नावर 1984 च्या जानेवारीत याच भूमीत शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल गाडीही आली. आज कित्येक मुले अशी असतील की ज्यांनी मोऱ्याहून लाँचने मुंबई कधी पाहिलीच नाही. ओहोटीला गाळात लाँच अडते, म्हणून आपण वैतागतो. पण ती ओहोटीच आपल्याला आठवण करून देते की आपण कोठे राहतो.

पाहुण्यांच्या पाचशे वर्षांच्या या हकीकतीतून आपल्यापुरते मी तीन बोध काढतो. एक, ज्या बेटावर उतरायचे त्याचे तेथील माणसांच्या तोंडचे नाव आधी विचारावे. कारण नावात ते गाव स्वतःला काय समजते हे सापडते. दुसरा, तेथील पाणी कोठून येते हे विचारावे. म्हणजे आपण तेथे किती जणांनी जावे आणि किती वेळ राहावे याचे उत्तर आपोआप मिळते. आणि तिसरा, तेथून काही आणायचे असेल तर ते नीबुरने आणले तसे आणावे, कागदावर उतरवून. त्या शिलाखंडासारखे उचलून आणू नये.

आपण कोणी पॅसिफिकच्या बेटांवर जाऊ, कोणी लक्षद्वीपला जाऊ, जरूर जावे. पण त्याआधी एक दिवस मोऱ्याहून समोरच्या बेटावर जावे आणि एक दिवस स्वतःच्या बेटावर उतरावे. द्रोणागिरी चढावा, वरच्या जुन्या पोर्तुगीज चर्चच्या भिंती पाहाव्यात, चांज्याच्या लेखात काय होते ते कोणा जाणत्याला विचारावे. मुलांना बरोबर न्यावे. आपल्या गावात एका दिवसाचा पाहुणा होऊन पाहिले म्हणजे, ज्यांच्या गावी आपण पाहुणे म्हणून जातो त्यांच्याशी कसे वागावे, हे शिकवावे लागत नाही.